लोणारचे गुलाबी पाणी आणि रंगाऱ्याचा धंदा

जून २०२० मध्ये टाळेबंदी चालू असताना बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे हिरवे पाणी दोन-चार दिवसांत गुलाबी झाले. वर्तमानपत्रांत फोटो आले, दूरदर्शनवर बातम्या आल्या. कोणी त्याला चमत्कार म्हटले, कोणी प्रदूषण म्हटले. वन खात्याने पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. लोणारच्या संवर्धनाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालू होते, त्यामुळे तपासणीचा निष्कर्ष तेथेही गेला. आघारकर संस्थेने सांगितले की, हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांचा आहे. त्या उन्हाळ्यात पाणी आटले, खार वाढला, हे जीव बेसुमार वाढले आणि त्यांच्या अंगातील रंगाने तळे गुलाबी दिसू लागले. पाऊस पडून पाणी पातळ झाल्यावर हे जीव तळाशी बसले आणि पाण्याचा रंग ओसरला.

बातमी तेथे संपली. परंतु आमच्या वाचकांत रंगरेज आहेत, छिपा आहेत, मोमीन विणकर आहेत, मणियार आहेत, मिठाई-सरबताचे दुकानदार आणि कापडाचे व्यापारी आहेत. त्यांच्या दृष्टीने खरी बातमी येथून सुरू होते. ज्या जीवाने एवढे मोठे तळे रंगवले, तो जीव आपल्या हंड्यात रंग देऊ शकेल काय? अशा रंगात जंतू मारण्याचा गुण असतो असे म्हणतात, त्यात तथ्य किती? आणि त्यात कारागिराच्या हाती काही लागेल, की सर्व काही पुन्हा मोठ्या कारखान्यांकडेच जाईल? या तीन प्रश्नांची उत्तरे येथे साध्या भाषेत देत आहोत.

तळे आणि कारागीर यांचे जुने नाते

लोणार आज पर्यटक आणि शास्त्रज्ञांचे ठिकाण असले तरी काही शतके ते कारागिरांचे तळे होते. अकबर बादशहाच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण करण्यास लागणारा माल या भागात मिळतो आणि त्यापासून सरकारला उत्पन्न होते, अशी नोंद त्यात आहे. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेल्या या खळग्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पाणी बाहेर जाण्यास वाट नाही. म्हणून वर्षानुवर्षे पाणी उडून जाते आणि सोडा व मीठ मागे राहते.

उन्हाळ्यात काठावर जमणाऱ्या या खाराच्या निरनिराळ्या प्रती असत. दल्ला, नमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांची नावे जुन्या नोंदींत सापडतात. बांगड्यांची काच वितळवणाऱ्यास हा खार लागे, साबण करणाऱ्यास लागे, आणि रंगाऱ्यासही लागे. वऱ्हाडात त्या वेळी आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून लाल रंग काढीत. आलीच्या रंगातील जाडेभरडे खारवे कापड घरोघर वापरात होते. कापड आधी तेल आणि खाराच्या पाण्यात मुरवायचे, मग हिरडा आणि तुरटीचा हात द्यायचा, त्यानंतर आलीच्या हंड्यात घालायचे. कामाला अनेक दिवस लागत, पण चढलेला रंग कापड फाटेपर्यंत टिकत असे.

हा धंदा कसा गेला ते प्रत्येक रंगाऱ्याने माहीत करून घ्यावे. आलीच्या आणि मंजिष्ठेच्या मुळ्यांत जो लाल रंग असतो, त्याच जातीचा अलिझरिन हा रंग जर्मनीत १८६८ मध्ये डांबरातील द्रव्यापासून कृत्रिम रीतीने तयार झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे पेटंट झाले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळही बाजारात आली. मुळ्या खणणारा शेतकरी, खार गोळा करणारा मजूर आणि हंडा चालवणारा रंगरेज, तिघांचीही भाकरी एका पिढीच्या आत हलली. सॉल्वे पद्धतीने कारखान्यात सोडा स्वस्त होऊ लागल्यावर तळ्याच्या खाराचाही भाव राहिला नाही. आपल्या कारागिराच्या हातात कसब कमी नव्हते. प्रयोगशाळेत काय चालले आहे याची खबर त्याला नव्हती. ती खबर मिळाली तेव्हा बाजार हातचा गेला होता.

आज रंगाच्या दुनियेत पुन्हा एक फेरबदल होऊ घातला आहे. या वेळी खबर वेळेवर मिळावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रंग करणारे हे जीव आहेत तरी कोण

लोणारच्या गुलाबी रंगाचे जीव हॅलोआर्किया या वर्गातील आहेत. दिसायला ते जिवाणूंसारखे असले तरी शास्त्रज्ञ त्यांना वेगळ्या घराण्यात ठेवतात. यांना मीठ लागते, आणि यांतील पुष्कळांना उष्णताही मानवते. आपण ज्या तापमानात घामाघूम होतो त्या ४० ते ५० अंशांत यांच्यापैकी अनेक जाती उत्तम वाढतात. उघड्या तळ्यावर दिवसभर कडक ऊन असते. त्या उन्हापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी हे जीव अंगात लाल-नारिंगी रंग तयार करतात. त्यातील मुख्य रंगाचे नाव बॅक्टेरिओरुबेरिन. गाजरात जो रंग असतो त्याच्याच मोठ्या कुटुंबातला हा आहे. मिठागरांत उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी लालसर दिसते तेही याच जीवांमुळे.

लोणारचा नेहमीचा हिरवा रंगही सूक्ष्मजीवांचाच आहे. त्यात स्पायरुलिना नावाचा निळा-हिरवा जिवाणू पूर्वीपासून नोंदला गेला आहे. सोड्याच्या पाण्यात आणि ३५ अंशांच्या आसपासच्या उबेत तो जोमाने वाढतो. त्याच्या अंगात फायकोसायनिन नावाचा सुंदर निळा रंग असतो. या निळ्या रंगाचा बाजार आज प्रत्यक्ष चालू आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी लोणारमधून जगाला पूर्वी माहीत नसलेले जिवाणू वेगळे केले. त्यांपैकी एकाचे नाव त्यांनी २०१२ मध्ये सेसेंबिया लोनारेन्सिस असे ठेवले. आपल्या तालुक्याचे नाव अशा रीतीने जगाच्या शास्त्रग्रंथांत गेले आहे.

याहून अधिक उष्णता सोसणारे जीव गरम पाण्याच्या झऱ्यांत राहतात. अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानातील झऱ्यांतून थॉमस ब्रॉक यांनी १९६६ मध्ये थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू मिळवला. तो सुमारे ७० अंशांत वाढतो. त्याच्या जातभाईंच्या वसाहती पिवळ्या असतात आणि तो पिवळेपणाही गाजराच्या कुटुंबातल्याच रंगाचा आहे. आपल्या राज्यात असे झरे थोडेथोडके नाहीत. नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर आहे, जळगाव जिल्ह्यात उनपदेव आहे, वज्रेश्वरी-गणेशपुरी आहे, कोकणात उन्हवरे आणि राजापूर आहे.

उष्णता आणि खार सोसणाऱ्या जीवांवर शास्त्रज्ञांची नजर का आहे, याची दोन कारणे व्यापारी माणसाला लगेच पटतील. पहिले कारण असे की, साध्या जिवाणूंच्या टाकीत बाहेरचा जंतू शिरला की सर्व माल नासतो, म्हणून टाकी, नळ्या आणि पाणी निर्जंतुक करण्यावर मोठा खर्च होतो. कडक खारट किंवा फार गरम टाकीत मात्र परका जंतू सहसा तग धरत नाही. दुसरे कारण असे की, उष्णतेत राहणाऱ्या जीवाची अंगची द्रव्ये उष्णतेला टिकणारी असण्याचा संभव जास्त असतो. साध्या स्पायरुलिनाचा निळा रंग ५० अंशांच्या पुढे लवकर मरू लागतो. गरम झऱ्यातील त्याच्या भाऊबंदांचा निळा रंग त्याहून अधिक उष्णता सहन करतो. ज्याला उकळत्या हंड्यात कापड घालायचे आहे किंवा कढत पाकात रंग टाकायचा आहे, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

रंग जंतू मारतो काय

रंग आणि औषध यांचे नाते नवे नाही. तोंड आले की पूर्वी दवाखान्यात जिभेला जांभळे औषध लावीत, ते जेन्शन व्हायोलेट हा एक रंगच होता. जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी १९३० नंतरच्या वर्षांत प्रॉन्टोसिल नावाच्या लाल रंगाने जंतूंचा आजार बरा होतो हे दाखवले आणि त्यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांना आढळले की, प्रॉन्टोसिल शरीरात गेल्यावर त्याचे दोन तुकडे होतात आणि त्यातला जो तुकडा जंतूंना रोखतो तो मुळी रंगहीन असतो. सल्फाची औषधे त्यातून निघाली. या गोष्टीतला धडा आपण लक्षात ठेवावा. रंग दिसला म्हणजे गुण असलाच पाहिजे असे नाही, आणि गुण असला तरी तो रंगातच आहे असेही नाही.

जिवाणूंच्या रंगांपैकी दोन रंगांवर पुष्कळ काम झाले आहे. व्हायोलसिन हा जांभळा रंग आणि प्रोडिजिओसिन हा गडद लाल रंग. पुवाच्या फोडांना कारण होणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूला हे दोन्ही रंग प्रयोगशाळेत रोखतात, असे अनेक ठिकाणी दिसून आले आहे. मात्र हे दोन्ही रंग देणारे जिवाणू साध्या तापमानातले आहेत, उष्णताप्रिय नाहीत. प्रोडिजिओसिन देणारा सेराशिया जिवाणू तर ३७ अंशांच्या उबेत रंग करणेच सोडून देतो. लोणारसारख्या तळ्यातील लाल रंगाची मोठी ख्याती ऑक्सिजनच्या माऱ्यापासून पेशी वाचवण्याची आहे. त्याच्या जंतुरोधक गुणाच्या नोंदी आहेत, परंतु त्या जात, खाराचे प्रमाण आणि रंग काढण्याची रीत यांप्रमाणे बदलतात. खारात राहणारे हे जीव आपल्या शेजाऱ्यांना मारण्यासाठी हॅलोसिन नावाची वेगळी प्रथिनेही सोडतात. म्हणजे गुण कशाचा आहे, रंगाचा की दुसऱ्या द्रव्याचा, हे प्रत्येक वेळी वेगळे करून पाहावे लागते.

शिवाय काचेच्या बशीत जंतू मरणे आणि रोग्याच्या अंगात मरणे यांत फार अंतर आहे. फ्लेमिंग यांनी पेनिसिलिन १९२८ मध्ये पाहिले, पण ते रोग्याला टोचण्यास १९४१ साल उजाडले. म्हणून लोणारच्या रंगाचे औषध म्हणून कोणी बाटली विकू लागला तर ती घेऊ नये आणि आपल्या दुकानात ठेवूही नये. औषध म्हणून विकण्यास कायद्याने परवाना लागतो, आणि खोटा दावा हा गिऱ्हाइकाशी केलेला दगा आहे. तोलमापात दगा करू नये ही शिकवण ज्यांना लहानपणापासून मिळाली आहे, त्यांना यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

कापडाची गोष्ट मात्र निराळी आहे. मोजे, पायपुसणी, दवाखान्याच्या चादरी, अस्तर यांत जंतू कमी वाढले तरी वास आणि कुजणे कमी होते. तेथे जंतू रोखणाऱ्या रंगाला खरा वाव आहे. खामगावचे चांदीचे कारागीर ही गोष्ट लगेच ओळखतील, कारण चांदीच्या अंशानेही कापडावर हाच परिणाम साधतात आणि तसा माल बाजारात आहे.

हंड्यात काय होते

आता रंगाऱ्याचा खरा प्रश्न. हा रंग सुतावर चढतो काय आणि टिकतो काय?

गाजराच्या कुटुंबातील रंग तेलात विरघळतात, पाण्यात नाही. त्यामुळे साध्या पाण्याच्या हंड्यात ते सुती कापडाला नीट धरत नाहीत. उन्हात आणि हवेत ते लवकर फिकेही पडतात. लोणारचा गुलाबी रंग आज जसाच्या तसा सुती साडीला लावला तर तो गिऱ्हाइकाच्या तक्रारीच घेऊन येईल. प्रोडिजिओसिनचा अनुभव असा आहे की, रेशीम, लोकर, नायलॉन आणि पॉलिस्टर यांवर तो चांगला चढतो, सुतावर त्या मानाने कमी चढतो. उन्हात तोही उडतो. फायकोसायनिन पाण्यात विरघळतो, पण उष्णता आणि आंबट या दोहोंना भितो.

येथेच जुन्या कारागिराचे ज्ञान कामाला येते. हिरडा कधी द्यावा, तुरटी किती द्यावी, लोखंडाच्या हंड्यात रंग का काळवंडतो, विहिरीचे पाणी जड असेल तर काय करावे, हे प्रयोगशाळेतील मुलाला पुस्तकातून कळते, पण रंगऱ्याच्या हाताला ते आधीच माहीत असते. नव्या रंगाला नवा हात लावून पाहणारा माणूस प्रयोगशाळांनाही हवा आहे.

रंगाची पक्की परीक्षा मोजमापाने होते. धुण्यातील टिकाऊपणा १ ते ५ आणि उन्हातील टिकाऊपणा १ ते ८ या अंकांत मोजतात, अंक जितका मोठा तितका रंग पक्का. कापड जंतू किती रोखते हे पाहण्याची एएटीसीसी १०० नावाची चाचणी आहे. मुंबईतील बीट्रा आणि सासमिरा या संस्था कापडाच्या तपासण्या करतात. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तंतू आणि कापड प्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे. जंतुरोधक कापड विकणाऱ्याला नेहमी एकच प्रश्न विचारावा की, वीस धुण्यांनंतरचा आकडा काय आहे? पहिल्या दिवशीचा आकडा कोणीही चांगला दाखवू शकतो.

बाजार आज कोठे आहे

सूक्ष्मजीवांचा रंग ही केवळ कल्पना नाही. चीन आणि जपानात तांदळावर एक बुरशी वाढवून खाण्याचा लाल रंग करण्याची रीत फार जुनी आहे. जीवनसत्त्व म्हणून आणि पिवळ्या रंगासाठी वापरले जाणारे रिबोफ्लेविन आज सूक्ष्मजीवांपासूनच मोठ्या प्रमाणावर निघते. खारट पाण्यातील ड्युनालिएला या शेवाळापासून गाजराचा नारिंगी रंग काढला जातो. स्पायरुलिनाच्या निळ्या अर्काला अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने २०१३ मध्ये गोळ्या-चॉकलेट आणि च्युइंगमसाठी मान्यता दिली, तेव्हापासून त्याची मागणी वाढली आहे. इंग्लंडमध्ये २०१६ साली निघालेली कलरिफिक्स ही कंपनी जिवाणूंत रंगाचे जनुक घालून त्यांच्याकरवी थेट कापडावर रंग बसवते.

ही मागणी येण्यामागे कारण आहे. काही अ‍ॅझो रंगांतून कर्करोगास कारण होणारी द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये त्यांवर बंदी घातली. आपल्याकडून जाणारा माल अडू लागला. १९९७ मध्ये भारत सरकारनेही अशा रंगांवर बंदी आणली. ज्यांनी वेळीच रंग बदलले त्यांचा धंदा राहिला आणि ज्यांनी दुर्लक्ष केले त्यांचा माल परत आला. खाण्याच्या बाबतीतही तसेच आहे. ऱ्होडामाइन हा कपड्याचा गुलाबी रंग मिठाईत किंवा बुढ्ढी के बालमध्ये टाकणे गुन्हा आहे. मिठाईवाल्याने आणि सरबतवाल्याने अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या यादीत असलेलाच रंग घ्यावा आणि डब्यावरचा परवाना क्रमांक वाचून घ्यावा. सूक्ष्मजीवांचा नवा रंग कितीही नैसर्गिक म्हणून विकला गेला तरी यादीत नसेल तर तो खाद्यात चालत नाही.

ज्यांना आज काही करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी या सर्वांत स्पायरुलिना हीच जवळची वाट आहे. उथळ टाकी, खाण्याचा सोडा, क्षार, ऊन आणि पाणी हलते ठेवण्याची सोय एवढ्यावर तो वाढतो. तामिळनाडूत त्याचे उत्पादन बऱ्याच वर्षांपासून आहे. मलकापूर-खामगावकडील घाटाखालच्या उष्ण हवेत तो चांगला वाढेल, मात्र मे महिन्यात सावलीची जाळी लागेल. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वाळवलेली भुकटी करणे सोपे आहे, तिच्यातून शुद्ध निळा रंग काढणे सोपे नाही. आणि घेणारा आधी ठरवावा, टाकी नंतर बांधावी. 'माल तयार करा, आम्ही परत घेऊ' असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

हलालचा प्रश्न

आपल्या बांधवांना हा प्रश्न पडणारच. आज खाण्याच्या लाल रंगांत कार्मिन नावाचा रंग वापरतात. तो कोशिनिल नावाच्या किड्यापासून निघतो. कीटकांबाबत उलेमांची मते सारखी नाहीत आणि पुष्कळ जण तो टाळतात. जिवाणूंचा लाल रंग त्याला पर्याय ठरू शकतो. परंतु जिवाणू कशावर वाढवला, हेही पाहिले पाहिजे. त्यांच्या खाद्यात पेप्टोन नावाचे द्रव्य असते. ते सोयाबीनपासून, दुधापासून किंवा मांसापासून तयार होते, आणि मांस कोणाचे हे डब्यावर नेहमी लिहिलेले नसते. रंग काढताना अल्कोहोल वापरले जाते काय आणि ते शेवटी उरते काय, हेही विचारावे. या प्रश्नांची लेखी उत्तरे कारखानदाराकडून घेऊन आपल्या उलेमांना दाखवावीत. सोयाबीनवर वाढवलेला आणि तशी लेखी हमी असलेला रंग जो देईल, त्याला आखाती देशांचा बाजार खुला आहे. ही केवळ सावधगिरी नसून व्यापाराची संधीही आहे.

तळ्याचा मालक कोण

थर्मस अ‍ॅक्वाटिकसची गोष्ट वर आली आहे. त्या जिवाणूतील एक द्रव्य उष्णता सोसते, म्हणून पीसीआर या तपासणीत ते वापरले गेले. करोनाच्या काळात नाकात काडी घालून जी तपासणी झाली, ती याच पद्धतीची होती. पीसीआरचे हक्क १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरला विकले गेले आणि तिचा शोध लावणारे कॅरी मलिस यांना १९९३ मध्ये नोबेल मिळाले. ज्या उद्यानाच्या झऱ्यातून तो जिवाणू आला, त्या यलोस्टोनच्या वाट्याला या रकमेतील काही आले नाही.

लोणारच्या बाबतीत असे होऊ नये म्हणून आपल्याकडे कायदा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे येथील सूक्ष्मजीव व्यापारासाठी घ्यायचे तर राज्य जैवविविधता मंडळाशी संबंध येतो. त्याचे कार्यालय नागपुरात आहे. परदेशी कंपनीला राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. फायद्यातील वाटा स्थानिकांना मिळावा ही या कायद्यामागची कल्पना आहे आणि प्रत्येक ग्रामपंचायत व नगरपरिषदेत त्यासाठी समिती असावी असे त्यात म्हटले आहे. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्त्याही झाल्या आहेत. लोणार २००० सालापासून अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथून परवानगीशिवाय पाण्याचा डबा किंवा गाळाची पिशवी नेणे हा गुन्हा आहे.

आणि त्याची गरजही नाही. रंग देणारे जीव पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहात, पुण्याच्याच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात आणि चंदीगडच्या संग्रहात जतन केले जातात. रीतसर संस्थेमार्फत ते मागवता येतात. एकदा बीज मिळाले की तळ्याला हात लावावा लागत नाही. तळे सुरक्षित राहिले तरच उद्या त्यातून आणखी काही सापडेल. गावाचे सांडपाणी तळ्यात गेले आणि त्याचा खार मेला, तर हे जीवही जातील.

आपण काय करावे

१. घरी जिवाणू वाढवण्याचा प्रयत्न करू नये. लाल रंग देणारा सेराशिया अशक्त माणसाला आजारी पाडू शकतो. हे काम प्रयोगशाळेचे आहे.

२. ज्यांची मुले-मुली अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकत आहेत, त्यांनी मुलांना हा विषय प्रकल्पासाठी सुचवावा. बापाचा हंडा आणि मुलाची प्रयोगशाळा एकत्र आली तर जे होईल ते बाहेरच्या कंपनीला जमणार नाही.

३. जुन्या रंगाऱ्यांकडील नुस्खे वहीत उतरवून ठेवावेत. तोळा, मासा, शेर अशी मापे असतील तर तीही तशीच लिहावीत. माणूस गेला की नुस्खा जातो.

४. नवा रंग विकत घेण्यापूर्वी किलोचा भाव विचारू नये, मीटरचा हिशेब करावा. एका किलोत किती मीटर कापड निघते, किती वेळा बुडवावे लागते, किती पाणी आणि सरपण जाते, किती माल खराब होतो. महाग रंग कधी स्वस्त पडतो आणि स्वस्त रंग कधी बुडवतो.

५. एकट्याने तपासणीचा खर्च परवडत नाही. पाच-दहा कारागिरांनी मिळून एक नमुना तपासून घ्यावा आणि निकाल सर्वांना दाखवावा.

६. 'लोणारचा रंग', 'जंतुनाशक', 'शंभर टक्के नैसर्गिक' हे शब्द पुराव्याशिवाय आपल्या मालावर छापू नयेत.

अलिझरिन आला तेव्हा वऱ्हाडच्या रंगरेजाला कोणी सांगितले नाही की, त्याच्या हंड्याखालचा विस्तव आता थोड्या दिवसांचा आहे. आजचा बदल तितका वेगाने येणारा नाही. सूक्ष्मजीवांचा रंग अजून महाग आहे, सुतावर कच्चा आहे, आणि औषध म्हणून तर फार लांबचा आहे. म्हणजे आपल्या हाती अजून वेळ आहे. अल्लाहने आपल्याच जिल्ह्यात एवढी मोठी प्रयोगशाळा उघडी ठेवली आहे. तिच्यातून शिकणारा कारागीर आपल्यातून निघावा, हीच अपेक्षा.